रुळावरून वाइनच्या तळघराकडे: अहिल्यानगर ते नाशिक

१/ अहिल्यानगरहून पहाटे निघून नाशिकची वायनरी पाहावी आणि रात्री परतावे, असा बेत रेल्वेने आखता येतो. मनमाडला गाडी बदलायची तयारी ठेवावी. पण वाटेतली स्थानके क्रमाने वाचत गेलो, तर दीडशे वर्षांचा एक वाद उलगडतो: वाइन ही दारू की शेतमाल? 🧵

२/ आधी रूळ पाहू. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला. त्याआधी १८७६ पासून दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांनी मजुरी केली. आपला प्रवास त्या घामावरून होतो.

३/ त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. मोहाची भट्टी आणि ताडी परवान्याखाली गेली. मद्य म्हणजे महसूल, हे सरकारचे पहिले उत्तर. राष्ट्रीय चळवळीने याच महसुलावर बोट ठेवले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. महसुलाच्या जागी आता नीती आली.

४/ राहुरीनंतर बेलापूर स्थानक, म्हणजे श्रीरामपूर. हा उसाचा मुलूख. जवळच टिळकनगरला १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स उभी राहिली. साखर काढल्यावर मळी उरते आणि मळीपासून मद्यार्क होतो. म्हणजे जिल्ह्यात शेतातून बाटलीपर्यंतची वाट द्राक्षाआधी उसाने काढली.

५/ पुढे गोदाकाठचे पुणतांबे. जून २०१७ चा शेतकरी संप याच गावातून पेटला. मागणी शेतमालाच्या भावाची आणि कर्जमाफीची होती. हे स्थानक लक्षात ठेवा. भावाचा प्रश्न तळघरातही भेटणार आहे.

६/ मनमाडला आपण पश्चिमेकडे वळतो. पूर्वेकडचा फाटा दौलताबादला जातो. पुढे हाच किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तिथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, असे नोंदवले. आजही आपल्याकडे वेल दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. पीक मात्र एकच घेतात.

७/ लासलगाव, निफाड. खिडकीबाहेर कांदा आणि द्राक्षबागा. लासलगावजवळच्या विंचूरला वाइन पार्क आहे. त्यामागे राज्याचे २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण होते: उत्पादन शुल्कात सवलत, लघुउद्योगाचा दर्जा. शासनाचे उत्तर पुन्हा बदलले. वाइन आता फळप्रक्रिया ठरली.

८/ नाशिकरोडला उतरून रिक्षा वा टॅक्सीने गंगापूरच्या दिशेने जावे. इथे राजीव सामंत यांनी सुला उभारली. तिची पहिली वाइन २००० सालची. तळघरात ओकची पिंपे दिसतील, पण उष्ण हवेत खरी मदार थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांवर असते.

९/ या चकाकीला दुसरी बाजू आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर खप घसरला आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांसारखी बाजारात खपत नाहीत. वायनरीने उचल थांबवली की शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नसते. अनेकांनी त्या वेली उपटल्या.

१०/ जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइनविक्रीला मान्यता दिली. युक्तिवाद शेतकरीहिताचा होता. विरोधात उभे राहिले अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे. दारूबंदीतून गाव सावरल्याचा अनुभव त्यांच्यामागे होता. त्यांनी उपोषण जाहीर केले, पुढे ते स्थगित केले.

११/ दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार आहे. राळेगणने दारूने मोडलेली घरे पाहिली, निफाडने भाव न मिळालेला माल पाहिला. मात्र शेतकऱ्याचे नाव घेऊन झालेल्या निर्णयाची कसोटी एकच: बागेत किलोमागे किती पडले?

१२/ बेत आखताना: जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ निवडा. फेरीची नोंदणी आधी करा. परतीच्या गाडीची वेळ ठरवूनच निघा. १९४९ चा कायदा आजही लागू आहे, त्यामुळे वय आणि परवान्याची अट पाळा. चव न घेताही तळघर पाहता येते. आणि मार्गदर्शकाला वाइनच्या वयाबरोबर द्राक्षाचा भावही विचारा.