परभणीचा कापूस आणि मजुराचा रोज

परगांवचा व्यापार वाढला म्हणजे काम वाढतें, आणि काम वाढलें म्हणजे मजुरी चढते, असें सामान्यतः मानण्यांत येतें. परभणी जिल्ह्याचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहतां हें म्हणणें अर्धेंच खरें ठरतें.

निजामाच्या राज्यांतील या जिल्ह्यांत पूर्वीं कष्टाचा मोबदला बहुतेक जिनसांत मिळे. सुतार-लोहारांस खळ्यावर बलुतें, सालगड्यास ज्वारी, वेचणीच्या बायांस वेचलेल्या कापसांतला वांटा. चैनीस जागा नव्हती. परंतु मुंबईच्या बाजारभावाची झळही मजुराच्या चुलीपर्यंत फारशी पोहोंचत नसे.

१९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला, आणि ही घडी विसकटली. त्याच वेळीं १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानें मुलूख उजाड केला होता. १८९१ च्या खानेसुमारींत सुमारें ८ लाख असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्यें साडेसहा लाखांच्या आंत आली. माणसें उणावलेल्या अशा प्रदेशांत कापसाचा व्यापार शिरला. परभणी, सेलू, मानवत येथें सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. मारवाडी व्यापाऱ्यांनीं दुकानें थाटलीं. सुगीनंतर शेतमजुरास कामाचें दुसरें दार उघडलें आणि हातांत रोकड पैसा आला. दुसरें दार उघडें असलें म्हणजे मालकाशीं बोलतांना मजुराच्या शब्दास वजन येतें.

परंतु जी आगगाडी रुई घेऊन गेली, तीच गिरणीचें स्वस्त कापड घेऊन परतली. घरोघरची सूतकताई बसली. कोष्टी-साळ्यांच्या मागांस उतरती कळा लागली. शिवाय रोकड मजुरी बाजारभावाच्या दावणीस बांधली गेली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले, तेव्हां समुद्रापलीकडील संकट मानवतच्या हमालाच्या दारांत येऊन उभें राहिलें.

पुढें मालाप्रमाणें माणूसही परगांवीं निघाला. १९५० मध्यें प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप सुरू झालें. त्यामागून पश्चिम महाराष्ट्रांत असे अनेक कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या ऊसतोडणीस मराठवाड्याचे हात लागले. गंगाखेडसारख्या कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडें निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल आधींच देतो. ती फिटेपर्यंत मजूर त्याच्याशीं बांधलेला. काम मिळतें खरें, पण दर ठरविण्याची संधि काम सुरू होण्यापूर्वींच निघून गेलेली असते.

याच्या उलट अनुभव रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळांत राज्यानें ही योजना हातीं घेतली; तिचा कायदा १९७७ मध्यें मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. गांवाजवळ काम मागण्याचा हक्क त्यानें मिळाला. जेथें हें काम वेळेवर निघतें, तेथें शेतमजूर बाईसुद्धां कमी रोजास नकार देऊं शकते.

व्यापारानें पैसा येतो, स्थलांतरानें कामही मिळतें. परंतु मजुरास नकार देण्याची ऐपत त्यांनीं येते कीं जाते, हें पाहिल्यावांचून त्यांच्या लाभाचा हिशेब पुरा होत नाहीं. सेलूच्या कारखान्यानें ती ऐपत कांहीं काळ दिली. मुकादमाची उचल ती आधींच काढून घेते.