हरणाचे खाते

शिकारी माणूस दोन गोष्टींबद्दल बोलायला लागला की घड्याळाकडे बघू नये. एक त्याची बंदूक आणि दुसरी हरणाच्या मटणाची चव. मी स्वतः आयुष्यात मारलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे झुरळ. तेही चपलेने, आणि चपलेला मी काही नाव ठेवलेलं नाही. तेव्हा या विषयात माझा अधिकार एवढाच, की मी बी. कॉम. आहे आणि शिकारीच्या इतिहासात हिशेब भरपूर आहेत.

अकबर बादशहाचंच घ्या. त्याच्याकडे खास स्वतःच्या वापरातल्या १०५ बंदुका होत्या. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्यांची फोडच दिली आहे. महिन्यांच्या पाळीच्या १२, आठवड्यांच्या ३०, दिवसांच्या ३२ आणि उरलेल्या ३१. मी बेरीज करून पाहिली. बरोबर येते. (सवय, दुसरं काय!) या सगळ्यांत लाडकी एकच. तिचं नाव ‘संग्राम’. रायफल नव्हे हो, ठासणीची बंदूक. वर्षाचा पहिला महिना तिच्या पाळीचा. १५६८ साली चितोडच्या तटावर जयमल राठोडाला हिनेच टिपलं, असं मुघल इतिहासकार सांगतात. एरवी तिचं काम शिकारीचं. कोणत्या बंदुकीने काय मारलं, हे लिहून ठेवायला दरबारी कारकून होते. त्यांच्या नोंदीप्रमाणे संग्रामच्या नावावर जनावरं पडली १,०१९.

आता, हजार म्हणून चाललं नसतं का? कवी हजार म्हणाला असता, सरदार दहा हजार म्हणाला असता. ‘एक हजार एकोणीस’ म्हणणारा माणूस कारकूनच असणार. पुढे हरीण, मागे बादशहा, आणि त्याच्या मागे दौत सांभाळत धापा टाकणारा हा माझा अनामिक जातभाई! मी त्याला मनोमन नमस्कार करतो.

पुढे जहांगीरने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात वडिलांच्या याच बंदुकीच्या नावावर तीन-चार हजार पशुपक्षी मांडले. अबुल फजलकडून हरकत येण्याची भीती नव्हती. १६०२ साली याच चिरंजीवांनी त्याचा खून करवला होता. अकबर १६०५पर्यंत हयात होता, तेव्हा मधल्या काळात आकडा वाढलाही असेल. पण ‘तीन-चार हजार’ हा आकडा वहीतला वाटत नाही, मुलाच्या तोंडचा वाटतो. वडिलांचं कौतुक सांगताना मुलगे सुटे पैसे मोजत बसत नाहीत.

स्वतःच्या बाबतीत मात्र जहांगीर पक्का हिशेबी. एका दिवसात अठरा हरणं मारल्याचं तो सांगतो. १६१७ साली त्याने बाराव्या वर्षापासूनचा सगळा हिशेब काढायला लावला. समक्ष झालेली शिकार २८,५३२. पैकी स्वतःच्या हातची १७,१६७. म्हणजे ११,३६५ इतरांच्या खात्यावर. स्वतःच्या खात्यातली चौपायी जनावरं ३,२०३, आणि निव्वळ कबुतरं १०,३४८! मोठ्या आकड्यात अशी चिल्लर असतेच. कुठलाही ताळेबंद उघडून बघा.

आता मटणाचं. रानातलं हरीण म्हणजे धावून धावून सडसडीत झालेला जीव. अंगावर चरबी नावाला. मटण तांबडं आणि कोरडं. ‘आईन’मधल्या दोपियाजाला मात्र बेताची चरबी असलेलं मांस लागतं. १० शेर मांस, २ शेर तूप, २ शेर कांदा. एवढं तूप ओतल्यावर आमच्या बँकेची जुनी व्हाउचरंसुद्धा चवदार लागतील. जहांगीरची एक नीलगाय तीन गोळ्या खाऊनही पळत राहिली, तेव्हा त्याने नवस बोलला, की ही पडली तर हिचं मांस ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या नावाने गरिबांना वाटीन. ती पडली, शिजली, वाटली गेली. चवीचा मक्ता भुकेकडे असतो, हे बादशहालाही ठाऊक असावं.

आणि याच जहांगीरने लाहोरजवळच्या रानात, आजच्या शेखूपुऱ्याला, एक हरीण पकडलं. महिनाभरात ते माणसाळलं. त्याचं नाव ठेवलं मनसराज. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानटी हरणं पकडून देण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. म्हणजे एका अर्थी सरकारी नोकरच, आणि तोही आपल्याच भाऊबंदांच्या वसुलीवर नेमलेला. ते मेलं तेव्हा बादशहाने त्याची कबर बांधली, वर दगडी हरीण कोरवलं, शेजारी मनोरा उभारला. तोच हिरण मिनार. १६०७ साली हुकूम काढला, की या रानातलं हरीण कोणी मारू नये. त्याचं मांस हिंदूला गाईसारखं आणि मुसलमानाला डुकरासारखं निषिद्ध.

बंदुकीला नाव दिलं तेव्हा हजारभर जनावरं गेली. हरणाला नाव दिलं आणि आख्ख्या रानातलं मटण ताटातून उठलं. यात मला नवल वाटत नाही. टोकन नंबर सतराचा चेक मी डोळे मिटून परत करतो. पण सतरा नंबर म्हणजे आपल्या चाळीतले नाना, हे कळलं की हात थबकतो.

अर्थात हुकूम त्या शाखेपुरताच! १६१७चा तो सगळा हिशेब मनसराजच्या कबरीनंतर दहा वर्षांनी निघालेला आहे. पुढे, नातू शुजा आजारी पडला तेव्हा जहांगीरने बंदूक सोडण्याचा, आपल्या हाताने कुठल्याही जिवाला न दुखवण्याचा नवस केला. नातू बरा झाला. मग १६२२ साली मुलाने, खुर्रमने, बंड केलं आणि संतापलेल्या आजोबांनी बंदूक पुन्हा खांद्याला लावली. मुलाच्या अपराधाची वसुली हरणांकडून झाली.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि काळविटाची शिकार हा गुन्हा झाला. आता काळवीट जगण्यासाठी कोणा बादशहाचा लाडका असावा लागत नाही, की त्याचं नाव कोणाला ठाऊक असावं लागत नाही. बिननावाच्या खातेदारालाही तेवढंच संरक्षण. दरबारातल्या त्या कारकुनाला हे कळलं असतं, तर दौत खाली ठेवून तो बिचारा जरा बसला असता.