साताऱ्याचा सिव्हिल सर्जन आणि शरीरशास्त्राचं जगप्रसिद्ध पुस्तक

प्रवेशाचे दिवस आले की नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटीला लागलेल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक कुठलं घ्यायचं? मग दुकानदार देईल ते, सीनियरकडून मिळेल ते, नाहीतर सरळ गाईड. चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. लांबचा वाटेल, पण तो आपल्या साताऱ्यात येऊन पोचतो.

साल १८५८. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या दोन तरुण डॉक्टरांचं पुस्तक बाजारात आलं. हेन्री ग्रे वय ३१, हेन्री वँडाइक कार्टर वय २७. मजकूर ग्रेचा, चित्रं सगळी कार्टरची. शवविच्छेदन दोघांनी मिळून केलं, साधारण दीड वर्ष. साडेसातशे पानं, ३६३ चित्रं, किंमत २८ शिलिंग. हेच ते ‘ग्रेज ॲनाटॉमी’. आजही ते छापलं जातं. २०२० मध्ये त्याची ४२ वी आवृत्ती निघाली.

आता गंमत बघा. तेव्हा बाजारात शरीररचनेची पुस्तकं नव्हती असं नाही. क्वेन यांचं पुस्तक विद्यार्थ्यांत चांगलं चालत होतं. लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकाने तर ग्रेच्या पुस्तकावर टीकेची झोड उठवली. या पुस्तकाची गरजच काय, असं विचारलं, आणि क्वेनवरून उचलेगिरी केल्याचा ठपकाही ठेवला. ‘लॅन्सेट’ने मात्र कौतुक केलं. तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. कौल दिला तो विद्यार्थ्यांनी.

का दिला? मुख्य कारण कार्टरची चित्रं. त्या काळच्या पुस्तकांत चित्रावर बहुतेक वेळा १, २, ३ किंवा अ, ब, क असे बारीक आकडे-अक्षरं असायची. नाव पाहायला खाली यादीत जायचं, परत वर यायचं. निम्मा वेळ शोधण्यातच जायचा. कार्टरने नावं थेट अवयवावरच लिहिली. स्नायूवर स्नायूचं नाव, रक्तवाहिनीच्या कडेने रक्तवाहिनीचं. चित्रं मोठी आणि स्वच्छ. परीक्षेच्या आदल्या रात्री दिव्याखाली वाचणाऱ्या पोराला काय लागतं, हे त्याला नेमकं कळलं होतं. तो स्वतः नुकताच त्यातून गेला होता ना!

पण मोबदला? ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले. कार्टरला एकदाच दीडशे पौंड, विषय संपला. पुस्तक निघायच्या आधीच तो नोकरीसाठी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना-शरीरक्रियेचा प्राध्यापक झाला. तिकडे शीर्षकपानाचं प्रूफ ग्रेच्या हातात पडलं, तेव्हा त्याने कार्टरचं नाव बारीक टाइपात करायला लावलं आणि मुंबईचं नवं पद खोडून टाकलं. तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, ग्रे देवीच्या रोगाने गेला. पुस्तकाला नाव त्याचंच राहिलं.

आणि कार्टर? १८६० च्या दशकात तो आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. महारोगावर त्याने मोठं काम केलं. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायात काटा शिरून जो पाय सुजतो, सडतो, त्या मायसेटोमा रोगावर १८७४ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे मुंबईत उलटून येणाऱ्या तापाचा जंतू रुग्णांच्या रक्तात शोधला, त्यात स्वतःही तापाने पडला. १८९७ मध्ये इंग्लंडात वारला. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याच्या चित्रांवरून शरीर शिकलं, तो माणूस आपल्या जिल्ह्यात पेशंट तपासत होता. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक नाव तर कुठेच नाही. ज्यांच्या देहावरून ती चित्रं काढली, ते लंडनच्या गरीबगृहांत आणि इस्पितळांत मेलेले बेवारस लोक होते. १८३२ च्या कायद्याने असे देह शिक्षणासाठी वापरता येत. आपल्याकडेही १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने तशी सोय आहे. आज लोक आपणहून देहदान करतात. त्यांना मनापासून नमस्कार. पण या शास्त्राचा पाया गरिबाच्या देहावर घातलाय, हे विसरू नये.

मग आजच्या पोरांनी ‘ग्रे’ घ्यावं का? नाही. मूळ पुस्तक विद्यार्थ्यांसाठीच होतं, पण वाढत वाढत एवढं जाडजूड झालं की २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वेगळं ‘ग्रे’ काढावं लागलं. शिवाय ते रचना सांगतं, म्हणजे कुठे काय आहे ते. ते काम कसं करतं, हे शरीरक्रियाशास्त्र, आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्याला दोन्ही एकत्र लागतं. नर्सिंगवाल्यांच्या हातात दिसणारं ‘रॉस अँड विल्सन’ १९६३ मध्ये त्याच गरजेतून आलं. जेनेट रॉस आणि कॅथलीन विल्सन दोघी नर्सेसना शिकवणाऱ्या.

म्हणजे कसोटी काय? नाव मोठं, पानं जास्त, ही कसोटी नव्हे. दुकानात उभं राहून हृदयाचा धडा काढा. चित्रातली नावं झटकन वाचता येतात का? चित्र ज्या मजकुराचं, त्याच्या शेजारीच आहे का? झडप कुठे आहे एवढंच सांगतं, की ती बिघडली तर रक्ताचं काय होतं हेही सांगतं? अवघड शब्द पहिल्यांदा आला तिथेच अर्थ दिलाय का? दहा मिनिटं वाचून रक्त कुठून कुठे जातं हे घरी आईला आपल्या मराठीत सांगता आलं, तर पुस्तक घ्या. नाही आलं, तर ठेवून द्या. गाईड या परीक्षेत सहसा नापास होतं. त्यात उत्तरं असतात, समज नसते.

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही. उद्या हीच पोरं आपल्या आईबापाला सलाईन लावणार आहेत, आपलं रक्त तपासणार आहेत. त्यांनी पाठ केलंय की समजून घेतलंय, याचा हिशोब शेवटी पेशंटच्या खाटेवर होतो.

शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती, तुम्ही कुठलं पुस्तक सुचवता आणि का, ते खाली लिहा. नुसतं नाव नको, कारणही सांगा. पोरांचे पैसे वाचतील.