कामगार नुकसानभरपाई विमा : खर्चाचे नियमन

कामातून व कामाच्या ओघात उद्भवलेल्या अपघाताने कामगारास इजा झाली अथवा मृत्यू आला, तर त्याची भरपाई देण्याचे जे दायित्व कायद्याने मालकावर टाकलेले आहे, ते ठरीव हप्त्याच्या मोबदल्यात विमा कंपनीने आपल्या शिरावर घेण्याचा करार म्हणजे कामगार नुकसानभरपाई विमा होय. भारतात हे दायित्व १९२३ च्या आठव्या अधिनियमाने, १ जुलै १९२४ पासून, निश्चित झाले. ज्या मध्यवर्ती विधिमंडळात तो संमत झाला त्यात ना. म. जोशी हे कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसत असत. तत्पूर्वी मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दिवाणी दावा लावून मालकाची हयगय शाबीत करावी लागे. गिरणी कामगाराच्या विधवेला ते कितपत साधत असेल, हे सांगण्याची गरज नाही. नव्या कायद्याने मालकाची कसूर सिद्ध करण्याची अट काढून टाकली, आणि अपघात हा उत्पादनखर्चाचाच एक भाग ठरला. २०१० पासून हा अधिनियम ‘कर्मचारी नुकसानभरपाई’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला. तथापि भरपाईचा सांगाडा बव्हंशी जुनाच राहिला असल्याने येथील विवेचन त्याच चौकटीत केले आहे.

या विम्याचा हप्ता मालकाने जाहीर केलेल्या वार्षिक वेतनावर, धंद्याच्या जोखमीनुसार, आकारला जातो व वर्षअखेर प्रत्यक्ष वेतनपट पाहून कमीजास्त केला जातो. लेखनिकाचा दर अल्प, तर बांधकामावरील परांचीवर चढणाऱ्या गवंड्याचा अर्थातच पुष्कळ अधिक. साहजिकच खर्च कमी करू पाहणाऱ्या कारखानदाराची पहिली दृष्टी वेतनाच्या आकड्याकडे जाते, आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. माणसे कमी दाखविणे, गवंड्याला हमाल म्हणून नोंदविणे, वेतन निम्म्याने लिहिणे या युक्त्यांनी हप्ता घटतो हे खरे. परंतु दावा उभा राहिला की हजेरीपट व विमापत्र यांतील तफावत कंपनीच्या हाती आयतीच सापडते, आणि जी रक्कम कंपनी नाकारते ती मालकाच्या तिजोरीतून जाते, कारण कामगाराप्रत असलेले मालकाचे दायित्व विमा असो वा नसो अबाधितच असते.

ते दायित्व किती, हे एका उदाहरणाने पाहणे इष्ट ठरेल. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, व कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेस वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणावयाचे, असा १९२३ च्या अधिनियमाचा नियम असून हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या इसमाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे त्या मर्यादेइतके वेतन मिळविणारा तिशीचा कामगार दगावल्यास १५,५९,८५० रुपये, आणि जन्माचा अपंग झाल्यास १८,७१,८२० रुपये द्यावे लागतात. अंगठा तुटल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट झाली असे परिशिष्टातच धरलेले असल्याने त्याच कामगाराच्या एका अंगठ्याची भरपाई ५,६१,५४६ रुपये होते; उपचारांचा प्रत्यक्ष खर्च निराळाच. पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात पॉवर प्रेसचा गार्ड काम भराभर उरकावे म्हणून काढून ठेवला जातो, तेव्हा वाचलेल्या काही सेकंदांच्या पलीकडे हा आकडा उभा असतो. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असेल तर मालक सुटतो, असा एक समज कारखान्यांतून रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे : मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असता ही सबब चालत नाही. तसेच भरपाईचा हक्क सोडून दिल्याबद्दल कामगाराकडून लिहून घेतलेला कोणताही कागद कायद्याने रद्दबातल आहे.

खर्चात रीतसर कपात करण्याचा सर्वांत मोठा वाव दुहेरी संरक्षण टाळण्यात आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून उभ्या राहिलेल्या व १९४८ च्या अधिनियमाने स्थापिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्या कामगाराची नोंद आहे, त्याला त्याच इजेबद्दल मालकाकडून निराळी भरपाई मागता येत नाही. २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये, आणि जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आहे. अशा कामगारांचा पुन्हा खाजगी विमा उतरविणे हा निव्वळ अपव्यय होय. उलटपक्षी, मर्यादेवरील वेतनाचे कारागीर व पर्यवेक्षक विम्यातून वगळले गेले तर ते दोन्ही छत्रांबाहेर राहतात. राज्य विम्याची वर्गणी अपघातांच्या संख्येनुसार बदलत नाही, हे त्या योजनेचे मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे. सावध व बेफिकीर मालक तेथे एकाच पंगतीला बसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९११ मध्ये भरपाईची चिरस्थायी पद्धती घालून दिल्यावर पूर्वानुभवावरून हप्ता ठरविण्याची जी प्रथा वाढली, तिच्यात एका भीषण अपघातापेक्षा वारंवार होणाऱ्या किरकोळ अपघातांना तुलनेने अधिक वजन असते, कारण वारंवारता व्यवस्थेतील दोष दाखविते. आपल्याकडील खाजगी कंपन्याही नूतनीकरणाच्या वेळी मागील दाव्यांचा मुलाहिजा करतात. म्हणून किरकोळ इजांचीही नोंदवही प्रामाणिकपणे राखणाऱ्या मालकास वाटाघाटीला भक्कम आधार मिळतो.

ठेकेदाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे काम ठेक्याने दिले असता ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून वसूल करता येते. मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून घ्यावी, अशी तरतूद आहे. परंतु काम आटोपून पसार झालेल्या मुकादमाकडून वसुली करणे किती दुर्घट, हे इमारतीच्या धंद्यातील कोणीही सांगेल. ठेका देताना चालू विमापत्राची प्रत मागणे, तिच्यातील मुदत व माणसांची संख्या हजेरीशी ताडून पाहणे, आणि ती नसल्यास आपल्याच विमापत्रात ठेकेदाराच्या माणसांचा समावेश करून त्याचा हप्ता देयकातून वजा करणे, हाच येथे मार्ग आहे.

तथापि मालकांचा सर्वाधिक पैसा विलंबात जातो. देय झाल्यापासून एक महिन्याच्या आत भरपाई न भरल्यास दरसाल १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड अधिनियमाखाली नेमलेले नुकसानभरपाई आयुक्त लादू शकतात. वर दिलेल्या मृत्यूच्या उदाहरणात एका वर्षाच्या चालढकलीची किंमत १,८७,१८२ रुपये व्याज, अधिक ७,७९,९२५ रुपयांपर्यंत दंड अशी पडते. वेदप्रकाश गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मोटार विम्यापुरते व्याज कंपनीच्या माथी मारले, पण दंड मालकाचाच ठरविला. २००६ च्या हर्षदभाई मोढिया खटल्यापासून मोटारीखेरीज अन्य विम्यात कंपनी करारानेच व्याज वगळू शकते, हेही स्पष्ट झाले. विमापत्रातील हे कलम हप्त्याच्या आकड्याइतकेच लक्षपूर्वक वाचावयास हवे. मृत्यूनंतर वारसांच्या हाती रोख देऊन प्रकरण मिटविण्याची रीत तर विशेषच महाग पडते, कारण तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम सोडल्यास आयुक्तांकडे न भरलेला पैसा भरपाई म्हणून जमा धरला जात नाही, आणि दयाळू मालकाला तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजावी लागते.

प्रतिबंधाच्या साधनांची वाण नाही. नवी मुंबईतील राष्ट्रीय सुरक्षा परिषद, जिच्या ४ मार्च १९६६ या स्थापनादिनी दरवर्षी सुरक्षा दिन पाळला जातो, आणि शीव येथील केंद्रीय श्रम संस्था या दोन्ही प्रशिक्षण देतात. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज न चालणारा प्रेस, पहिल्या तासातील उपचार आणि बऱ्या होत असलेल्या कामगारास हलके काम देऊन परत रुजू करून घेण्याची तजवीज यांनी दावा मुळातच लहान राहतो. नव्या संहितेने घर व कामाचे ठिकाण यांच्या दरम्यान येता-जाता घडलेला अपघातही, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसून आल्यास, भरपाईच्या कक्षेत आणला आहे. त्यामुळे रात्रपाळीची ने-आण करणाऱ्या गाडीची निगा व तिच्या चालकाचे कामाचे तास या बाबीही आता या खर्चाच्या हिशेबात धराव्या लागतात.