बॅक टायट्रेशन: अनोळखी आम्लाचं मोलर वस्तुमान कसं काढतात?

बॅक टायट्रेशन म्हणजे उलट्या बाजूने केलेलं मोजमाप. आम्लात गरजेपेक्षा जास्त सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि त्यातलं किती उरलं ते हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजायचं. वजाबाकी केली की आम्लाने किती संपवलं ते कळतं.

सरळ टायट्रेशन का नाही करायचं? समजा तुम्ही कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीएस्सीला आहात आणि प्रॅक्टिकलला सरांनी नाव न सांगता पांढरी पूड दिली. ती बेंझोइक आम्लाची निघाली, तर पंचाईत. २५ अंशाला १ लिटर पाण्यात ते ३.४ ग्रॅमच विरघळतं, म्हणजे ५० मिलीत जेमतेम ०.१७ ग्रॅम. बाकीचं ढवळत बसा, तांबडा-पांढरा जेवून परत आलात तरी तळाशीच असेल! सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र त्याचं सोडियम बेंझोएट होतं आणि सगळं विरघळतं.

आता आकडे. ०.३०५ ग्रॅम पूड घेतली, त्यात पिपेटने २५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड (साधारण ०.२ मोलर) घातलं. फिनॉल्फ्थॅलिनचे २ थेंब टाकून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट केलं: २३.६ मिली. तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड पूड न घालता टायट्रेट केलं: ४८.६ मिली. याला ब्लँक म्हणतात आणि तो टाळू नका. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे बाटलीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

फरक २५.० मिली, म्हणजे ०.००२५ मोल. ०.३०५ भागिले ०.००२५ बरोबर १२२. बेंझोइक आम्लाचं खरं मोलर वस्तुमान १२२.१२ आहे.

सगळ्यात जास्त घात होतो तो इंडिकेटरमध्ये. फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज घेतलं, तर त्याचा रंग पीएच ४.४ च्या खाली बदलतो. तोपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल बेंझोएटलाही खाऊ लागलेलं असतं. रीडिंग फुगतं, फरक कमी पडतो आणि उत्तर १२२ च्या कितीतरी वर जातं. (रंग नीट दिसावा म्हणून फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा. फोन मात्र लांबच ठेवा, आणि चष्मा घाला. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते.)

एक गोष्ट ही पद्धत स्वतःहून सांगत नाही. मिळतो तो तुल्यभार, म्हणजे एका मोल सोडियम हायड्रॉक्साइडला पुरणाऱ्या आम्लाचं वजन. एका रेणूतून एकच हायड्रोजन जात असेल तर तोच मोलर वस्तुमान. थॅलिक आम्लातून २ जातात, म्हणून उत्तर ८३ येतं. खरं वस्तुमान १६६. अ‍ॅस्पिरिनमध्ये तर हायड्रोजन एकच जातो, पण सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर गरम केलं की रेणू फुटतो आणि दुसरा मोलही संपतो. त्यामुळे १८० च्या जागी ९० येतं, तेही एकही थेंब न चुकता.