रवी, वैशाख आणि नेत्र : एका घरगुती साधनाचा विचार

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस सनद, ताम्रपट, पोथी यांचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या घराच्या माळ्यावर दप्तर सांपडतें, त्याच घराच्या स्वयंपाकघरांत टांगलेल्या लांकडी रवीकडे आपण ढुंकूनहि पाहत नाहीं. या उपेक्षेनें केवळ एक वस्तु नाहींशी होते असें नाहीं. वस्तु गेली म्हणजे कागदांतील शब्दहि मुका होतो. हीच गोष्ट एका क्षुल्लक दिसणाऱ्या उदाहरणावरून येथें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

निमित्त घडलें तें महापें येथें. ठाणें-बेलापूर रस्त्यालगत, पारसिकच्या डोंगराच्या पश्चिमेस हा गांव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, व पुढें त्याच्या ठाणें-खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्रांत महापें आलें. नवें शहर वसविण्याकरितां सिडको १७ मार्च १९७० रोजीं स्थापन झाली, आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. आज तेथें कारखाने आणि संगणक-व्यवसायाच्या इमारती उभ्या आहेत. अशा या गांवांतील एका परिचित घरीं ताक करण्याचीं दोन साधनें आम्हीं शेजारीं शेजारीं पाहिलीं. एक लांकडी रवी, आणि दुसरें पोलादी तारांचें हातयंत्र. या यंत्राची मूठ वरून दाबली कीं खालचा तारांचा झुबका गरकन फिरतो. हात सैल सोडला कीं स्प्रिंगेच्या जोरानें मूठ पुन्हां वर येते. वीज मुळींच लागत नाहीं. दुकानदार यास ‘हँड ब्लेंडर’ म्हणतात. घरच्या बाई मात्र सहज बोलून गेल्या, “ही जुनी रवी, आणि ही नवी.” या बोलण्यानेंच आम्हांस विचारास प्रवृत्त केलें.

घुसळणें म्हणजे हाताच्या सरळ ओढीचें गरगर फिरणाऱ्या गतींत रूपांतर करणें होय. याच्या तीन रीती दिसतात. लहान रवी दोन्ही तळहातांमध्यें धरून फिरवितात, ही पहिली. मोठी रवी घुसळखांबास अडकविलेल्या फांसांत उभी राहते. तिला दोरीचे दोन-तीन वेढे देतात. एक टोंक ओढलें कीं ती एका दिशेस फिरते, दुसरें ओढलें कीं उलट फिरते. ही दुसरी रीत. सुताराचा सामता कमानीच्या दोरीवर याच न्यायानें चालतो, आणि यज्ञांतील अरणीमंथनहि असेंच दोरीनें होतें. तिसरी रीत नव्या यंत्राची. पिळाचा दांडा खांचेंतून खालीं सरकतांना खालच्या भागास फिरवितो. बारीक कामाकरितां सोनार वापरतात तें पिळाच्या दांड्याचें भोंक पाडण्याचें हत्यार याच कुळांतील आहे. दोरीच्या रवीस दोन हात आणि घरांत रोवलेला एक खांब लागतो. नव्या यंत्रास एक हात दाबावयास व दुसरा भांडें धरावयास पुरतो. खांब रोवण्यास जेथें जागा नाहीं, अशा घरांत तें कां शिरलें, हें यावरून स्पष्ट होतें.

आतां शब्दांकडे वळूं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील अठ्ठाविसाव्या सूक्तांत, घोड्यास लगाम घालावा त्याप्रमाणें मंथनदंड दोरीनें बांधण्याचा उल्लेख आहे. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडांत, वैश्यवर्गांत, रवीचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत मंथ व मंथान यांच्याबरोबर ‘वैशाख’ हेंहि एक नांव येतें. घुसळखांबास तेथें ‘कुठर’ आणि ‘दंडविष्कंभ’ म्हटलें असून घुसळण्याच्या भांड्यास ‘गर्गरी’ म्हटलें आहे. हा वैशाख म्हणजे महिना नव्हे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत विशाखा शब्दापासून रवी या अर्थीं ‘वैशाख’ व अषाढा शब्दापासून दंड या अर्थीं ‘आषाढ’ सिद्ध केला आहे. तसेंच महाभारताच्या आदिपर्वांतील समुद्रमंथनांत मंदर पर्वत रवी झाला आणि वासुकि ‘नेत्र’ झाला. येथें नेत्र म्हणजे डोळा नसून रवीची दोरी होय. ज्यानें घुसळखांब कधीं पाहिला नाहीं, त्यास हा अर्थ कोश उघडल्यावांचून सुचणार नाहीं. आणि संशय न आल्यास तो कोश उघडणारहि नाहीं.

मराठी कागदांत अडचण याहून जवळची आहे. मोडी लेखनांत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाहीं. म्हणून सूर्य या अर्थाचा ‘रवि’ आणि ताकाची ‘रवी’ हे दोन्ही शब्द मोडींत एकरूप दिसतात. जुन्या बाळबोध छपाईंत हा भेद राहिला होता. परंतु १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अंत्य इकार दीर्घ ठरविल्यानें आजच्या छापील मराठींतहि तो मावळला. मग निर्णय कशावरून करावयाचा? प्रथम लिंगावरून. सूर्य पुल्लिंगी आहे, ताकाची रवी स्त्रीलिंगी. ‘मोठी रवी’ असें आढळल्यास शंका उरत नाहीं. विशेषण नसल्यास शेजारचे शब्द पाहावे. डेरा, विळी, परात यांच्या यादींत आलेली रवी आकाशांतली नव्हे. हा नियम साधा आहे. परंतु तो लावण्यास डेऱ्याचा आणि रवीचा संबंध वाचकास ठाऊक असला पाहिजे.

येथें एका मोहापासून सावध राहणें अवश्य आहे. नवें यंत्र पाहून ‘हें आमच्याकडे पूर्वींपासूनच होतें’ असें म्हणण्याची आपणांस संवय आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील राल्फ कॉलियर यानें १८५६ सालीं फिरत्या भागांच्या अंडें फेटण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, व प्रॉव्हिडन्स येथील टर्नर विल्यम्स यानें १८७० सालीं त्या प्रकारांत सुधारणा केली. त्या यंत्रांची परंपरा निराळी, रवीची निराळी. दोन्हींचें काम एक असलें म्हणून वंश एक ठरत नाहीं. शिवाय काम तरी पूर्णपणें एक कोठें आहे? पेलाभर ताक किंवा एखादें अंडें यांस नवें यंत्र उत्तम. डेराभर दह्यांतून लोणी काढावयाचें तर स्निग्धाचे सूक्ष्म कण फुटून एकमेकांस चिकटेपर्यंत दीर्घकाळ घुसळावें लागतें, आणि ऊबहि बेताची लागते. म्हणूनच उन्हाळ्यांत थंड पाणी व थंडींत कोमट पाणी घालण्याची रीत पडली. हें ज्ञान दोरी ओढणाऱ्या हातांत होतें. यंत्राबरोबर तें विकत मिळत नाहीं.

मग महाप्याच्या त्या बाईंनीं नव्या यंत्रासहि रवी म्हटलें, यांत चुकलें काय? आमच्या मतें कांहींच नाहीं. साधन पालटलें तरी ‘घुसळणें’ हा धातु पालटला नाहीं, आणि त्या धातूनें जुनें नांव नव्या वस्तूवर ओढून आणलें. वि. का. राजवाडे यांचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. दप्तरें गोळा करणाऱ्या माणसानें धातूहि गोळा करावे, यांतील मर्म अशा प्रसंगीं कळतें. उलट ‘घुसळखांब’ या शब्दास आश्रय देणारें नवें साधन कोणतेंच नाहीं. म्हणून आधीं जाईल तो तोच.

पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे व स्वयंपाकाचीं भांडीं जमवून राजा केळकर संग्रहालय उभें केलें. प्रत्येकानें तेवढें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यापुढें एखाद्या घरीं दप्तर पाहावयास जाल तेव्हां स्वयंपाकघराच्या दारांतहि क्षणभर थांबावें. रवी असल्यास तिची लांबी, लांकूड, पाकळ्यांची संख्या व घरांत चालणारीं नांवें टिपून घ्यावीं, आणि ती कशी चालवीत हें घरांतील वृद्ध स्त्रीस विचारावें. कागद आणखी शंभर वर्षें टिकेल. तें सांगणारी आजी तितकी थांबणार नाहीं.