मुखकर्करोग : पूर्वलक्षणे

ओठ, जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू, टाळू आणि जिभेखालचा भाग यांत उद्भवणारा कर्करोग. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी हा एक आहे.

कारणे : तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी-सिगारेट, सुपारी आणि मद्य. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे. तंबाखूचा बार गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेत दाबून ठेवतात. भारतात रोग बरेचदा तिथेच सुरू होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे.

लक्षणे : सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा आढळतो. लाल, मखमली चट्टा त्याहून धोक्याचा. उष्णतेने तोंड आले असे समजून अनेक जण महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहतात. साधे तोंड येणे झोंबते आणि सहसा दोन आठवड्यांत बरे होते. त्यापुढे टिकलेला व्रण, विशेषतः कडक कडांचा किंवा रक्त येणारा, तपासून घ्यावाच. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांना तिखट सोसेनासे होते, गाल ताठर होऊन तोंड कमी उघडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर ती कर्करोगपूर्व अवस्था असू शकते. कारणाविना दात हलणे, दात काढल्यावर जखम न भरणे, कवळी एकाएकी न बसणे, ओठ-जीभ बधिर होणे आणि एकाच बाजूचा कान दुखणे हीही लक्षणे होत. मानेत गाठ येणे ही बहुधा पुढची पायरी असते.

स्वपरीक्षण : महिन्यातून एकदा चूळ भरून, कवळी काढून, उजेडात आरशासमोर ओठ उलटून, गाल ताणून आणि जीभ उचलून पाहावे, जिभेच्या कडा व गाल बोटाने चाचपावेत.

निदान व उपचार : संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग भडकतो, हा समज निराधार असून त्यापायी मोलाचा वेळ जातो. लवकर सापडलेला रोग अनेकदा केवळ शस्त्रक्रियेने बरा होतो. उशीर झाल्यास जबड्याचा भाग काढावा लागतो, किरणोपचार व औषधोपचारही जोडावे लागतात. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नियमित मुखतपासणीमुळे तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. व्यसन असो वा नसो, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना दाखवावा.